छटाकच्या चिठ्ठ्या

१ डिसेंबर

पोहोचले एकदाची. दोन पिशव्या, एक छत्री आणि ही वही. वही माझ्या हातची. बारा वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात कागदाच्या घड्या घातल्या, एवढी तरी कमाई हवीच. निरोप देताना मालकांनी उरल्यासुरल्या कागदांचा गठ्ठा हातात ठेवला आणि म्हणाले, हाच तुमचा फंड. विनोद होता म्हणे. मीही हसले.

घर छान आहे. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधला जिना इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं तर एकाने माघार घ्यायची. दाराशी चार खुंट्या. भाऊजींची, दोन मुलांच्या दोन, आणि चौथीवर अक्काचा तपकिरी कोट. अक्का जाऊन आठ महिने झाले, तो कोट कुणी काढलेला नाही. मीही हात लावला नाही. माझा खुर्चीच्या पाठीवर टाकला.

थोरली नऊ वर्षांची. तिला घरात सगळे ताई म्हणतात, तिचा बापसुद्धा. दिवसभरात ती माझ्याशी तीनच शब्द बोलली: हो, नाही, चालेल. धाकटा पाचाचा. तोंडाने अखंड गुणगुणतो म्हणून नाव पडलंय भुंगा. जेवताना, बूट घालताना, अगदी दात घासतानासुद्धा त्याचं सुरूच. भाऊजी मालट्रक चालवतात. चार-पाच दिवस रस्त्यावर, दोन दिवस घरी. निघताना म्हणाले, "तुम्ही आलात, आता गाडी चालवताना जीव मागे राहणार नाही." फार बरं वाटलं.

अक्काच्या आजारपणात यायचं राहून गेलं. शाळेच्या वह्यांचा हंगाम होता. असो. आता आले ना.

३ डिसेंबर

नाताळसाठी बाजार सजलाय. खेळण्यांच्या दुकानापुढे भुंगा काचेला नाक लावून असा उभा राहिला की काचेवर वाफेचा गोल उठला. आत टोकदार टोपीचा बुटका मांडून ठेवलेला. नाताळच्या आधी घरी येतो, रोज रात्री काहीतरी खोडी करतो, मुलांनी सकाळी उठून त्याला शोधायचं. किंमत ऐकली आणि आम्ही तिघं सरळ चालायला लागलो.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. जोडीदार हरवलेला एक लाल मोजा होता. भिंतीला भिंत लागून शिंपीणकाकूंचं दुकान आहे, त्यांनी हिरवी चिंधी आणि दोन काळी बटणं दिली, वर चहाही पाजला. कापूस मात्र हवा होता. माळ्यावर एक जुनी उशी सापडली, तिची शिवण उसवून मूठभर काढला. हाताला थोडा ओलसर लागला, औषधाचा वास होता. शेगडीजवळ वाळवला.

बुटका झाला वीतभर. एक डोळा वर, एक खाली. चेहरा पाहून मलाच हसू फुटलं.

४ डिसेंबर

सकाळी बुटका साखरेच्या डब्यात कमरेपर्यंत रुतलेला. हातात चिठ्ठी: "तीनशे एक दाणे खाल्ले. मोजून बघा." डाव्या हाताने, लाल पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिली मी. भुंगा खरंच मोजायला बसला. चाळिसाच्या पुढे त्याला येत नाही, म्हणून सात वेळा चाळीस मोजले.

नाव त्यानेच ठेवलं: छटाक. मी नियम सांगितले. छटाकला हात लावायचा नाही. तो सगळं बघतो, सगळं ऐकतो. आणि चोवीस तारखेला आपल्या गावी परत जातो.

ताईने विचारलं, त्याचं गाव कुठे आहे. मी म्हटलं, लांब, तिकडे पत्ता लागत नाही.

७ डिसेंबर

आज घरातले सगळे बूट एकमेकांना नाड्यांनी बांधलेले, थेट जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गाडी, आणि पुढे इंजिन म्हणून छटाक. भाऊजी रात्रीच परतले होते. ते या गाडीत पाय अडकून धाडकन बसले. मग ताई हसली. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत, थांबेचना. भाऊजी जमिनीवर बसूनच तिच्याकडे बघत राहिले. नंतर मला हळूच म्हणाले, आठ महिन्यांनी ऐकतोय हे.

मोजा, चिंधी आणि दोन बटणं. एवढ्यात होतं सगळं.

१० डिसेंबर

काल डोकं ठणकत होतं म्हणून मुलांच्या आधीच झोपले. छटाकला हलवायचं राहिलं. सकाळी धास्तावून खाली आले, तर स्वारी अक्काच्या कोटाच्या खिशात, फक्त टोपी बाहेर.

ताईचं काम. माझं गुपित तिला कळलंय आणि ती मला सांभाळून घेतेय. मी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. तिला काही कळल्याचं दिसलं नाही. पक्की आहे.

१२ डिसेंबर

चिठ्ठी आज मी लिहिली नव्हती. छटाकच्या मांडीवर होती. लाल पेन्सिल, मुंगीएवढी अक्षरं:

"माझी उशी कुठे गेली?"

ताईला बाजूला घेऊन विचारलं. तिने लिहिली नाही म्हणाली. मग माझ्या मागे माळ्याकडे बघत म्हणाली, "वरची उशी आईची होती. शेवटी आईला खाली खिडकीजवळ झोपवलं होतं ना, तेव्हाची."

मला काय माहीत? मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायला मी इथे होते कुठे?

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. माझ्या चिठ्ठ्या मी सरळ चौघडी करते, हाताला तीच सवय. या चिठ्ठीची तिघडी होती आणि कोपरा आत खोचलेला. अक्काची पत्रं अशी यायची.

१४ डिसेंबर

खेळ पुरे. छटाकला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, झाकणावर इस्त्री ठेवली, माझ्या पलंगाखाली सरकवलं. मुलांना सांगितलं, तो लवकर गेला.

सकाळी डबा जागेवर, इस्त्री जागेवर. छटाक भुंग्याच्या उशीवर, गालाला गाल लावून.

दुपारी काकूंकडे गेले. काही न सांगता अक्काचा विषय काढला. काकू कापड बेतत होत्या. कात्री न थांबवता म्हणाल्या की शेवटचा आठवडा तिने खिडकीतच काढला. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की विचारायची, माझी बहीण आली का? आम्ही म्हणायचो, येतेय, वाटेत आहे.

मग कात्री थांबली. म्हणाल्या, "तुला बोल लावत नाही गं मी."

भुंगा दिवसभर गुणगुणला नाही.

१७ डिसेंबर

चादर बदलताना ताईच्या पलंगाखाली पिशवी दिसली. तिचे दोन फ्रॉक, भुंग्याचा स्वेटर, अक्काची फणी. तळाशी चिठ्ठी. तिघडी.

"चोवीसला तयार राहा. आई न्यायला येते. जड काही घेऊ नका."

मी ताईला समोर बसवलं.

"कुठे न्यायला?"

"छटाकच्या गावाला. लांब आहे, पण आईला रस्ता माहितीये."

"ताई, बाळा, आई आता—"

"मला माहितीये आई मेलीये," ती म्हणाली. शांतपणे. मीच लहान असल्यासारखी माझी समजूत काढत होती. "तिला तिथे एकटीला भीती वाटते. म्हणून."

"आणि मी? बाबा?"

तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, परत वाचली, परत घडी घातली. "तुमचं नाव नाहीये त्यात."

१८ डिसेंबर

शेगडीत जाळला. मुलांसमोरच. लपवून काय उपयोग, त्यांच्यापेक्षा मलाच ते बघायचं होतं. मोजा आधी आक्रसला, मग फुगला. औषधाचा वास घरभर. ताई रडली नाही. भुंगा शेगडीजवळ सरकून हात शेकत म्हणाला, आता आईला ऊब मिळेल.

१९ डिसेंबर

राखेत बटणं नव्हती. भुंग्याच्या मुठीत चिठ्ठी, काजळीने काळी. "पाच दिवस."

त्याचं अंग तापलंय.

२० डिसेंबर

ताईलाही ताप. डॉक्टर येऊन गेले. घसा साफ, छाती साफ. कारण सापडत नाही म्हणाले. कपाळ भाजतंय आणि हातपाय बर्फ. जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, हिच्या आईला पहिल्यांदा काय झालं होतं? मी म्हटलं, मी इथे नव्हते.

काकूंच्या फोनवरून भाऊजींच्या मालकाला गाठलं. घाटात दरड पडलीय. गाड्या अडकल्यात. पंचवीसच्या आत सुटका नाही.

मुलं खूश आहेत. हे कसं लिहू? तापाने फणफणलेली, आणि खूश. ताईने मला म्हटलं, मावशी, तू काळजी करू नकोस. पहिल्यांदा तिने मला मावशी म्हटलं.

२१ डिसेंबर

मुलांना घेऊन इथून निघावं म्हणून कपडे चढवले. उंबरठा ओलांडला तसा भुंग्याचा श्वास अडकला. ओठ निळे. आत आणलं, श्वास सुरू. पुन्हा प्रयत्न केला नाही. हिंमत नाही झाली.

२२ डिसेंबर

खरं लिहिते. हंगाम वगैरे काही नव्हतं. म्हणजे होता, पण मालकांनी दोनदा स्वतःहून विचारलं होतं, रजा हवी का. मीच नको म्हटलं. मला तिला तसं बघायचं नव्हतं. लहानपणी काळोखाला घाबरायची ती, मोठी असून. माझा हात धरल्याशिवाय झोपायची नाही. तिला परत घाबरलेली बघायचं नव्हतं मला, बस.

तिची तीन पत्रं आली. तिसरं मी फोडलंच नाही. बरोबर आणलंय. आज फोडलं.

"चिमे, आता हात उचलत नाही, म्हणून थोडक्यात. मला मरायचं भय नाही, एकटीने जायचं भय आहे. तू येऊन नुसती हात धरून बस. तू नाही आलीस तर मी मुलांना कुशीत घेऊन झोपेन, मग मला त्यांना सोडवणार नाही. ये गं."

माझ्या सरळ अक्षरात, उजव्या हाताने चिठ्ठी लिहिली. "मुलांना इथेच राहू दे. सोबतीला मी येते." कोटाच्या खिशात ठेवली.

२३ डिसेंबर

ताप उतरला. दोघांचाही. भुंग्याने दोन पाव खाल्ले, तिसरा मागितला. ताईने पिशवी आपणहून रिकामी केली, फणी हातात घेऊन पायरीवर बसली आणि मग जी रडली — माझ्या मांडीत तोंड खुपसून, आठ महिन्यांचं सगळं. मी तिचे केस विंचरत राहिले. त्याच फणीने.

खिशात माझीच चिठ्ठी. तिघडी घातलेली. खाली एकच शब्द.

"नक्की?"

मी लिहिलं, नक्की.

२४ डिसेंबर

सकाळी मुलांना काकूंकडे पोचवलं. उंबरठ्यावर जीव मुठीत धरला होता. काही झालं नाही. काकूंना म्हटलं, भाऊजी येईपर्यंत ठेवा. त्यांनी का विचारलं नाही, फक्त माझा हात दाबला, म्हणाल्या, केवढी गार पडलीयस. ताईने विचारलं, मावशी, आम्हाला न्यायला कधी येशील? बाबा येतील म्हटलं. ती बघत राहिली. भुंगा आतून ओरडला, शिवणयंत्राचं चाक मी फिरवू का.

भाऊजींना कागदावर लिहून ठेवलंय. भुंग्याला दूध कोमट लागतं. ताईला हसायला लावत जा. खुंटी मोकळी करा आता.

दुपार

पळून जाता येईल. बस तीनला आहे. खरं सांगते, दोनदा दारापर्यंत गेले.

नाही गेले.

—

कोट खुंटीवर नाही. वर येऊन पलंगावर बसलेय.

भिंतीपलीकडे मुलं आहेत. यंत्राचा आवाज येतोय. चांगलं आहे. चालू राहू दे.

औषधाचा वास. जिन्यात. जिना चिंचोळा, एकाने माघार घ्यायची. मी नाही—

पावलं नाहीत. कापड भिंतीला घासतंय, वर येतंय.

दाराकडे बघत नाही. लिहिते आहे. लिहीत राहिले की तिकडे बघावं लागत

पलंग बसला. माझ्या शेजारी. कुणीतरी

हात किती लहान झालाय तिचा

घाबरलीय ती. माझ्यापेक्षा जास्त. चिमे म्हणते आहे, चिमे, चल ना

आले अक्का. आले. एवढी ओळ पुरी क—