दोन्ही कळ्या तशाच

३ मे
सकाळी सकाळी दादाचा फोन. लग्नसराई, ब्लाउजांचा ढीग पडलाय, मशीनवरून उठायला सवड नाही आणि याची टकळी सुरू. "सुमे, म्हाताऱ्याला समजाव. देवाची मूर्ती संगमरवरी सांगितलीया, महिनाअखेरीला बसवायची. आन् ह्यो म्हणतोय कौल घेतल्याबगार मी मूर्तीच्या पाया पडणार न्हाई."
मग घे की कौल. ने की आबांना. तर म्हणे, मंडपाचं बघायचंय, जेवणाचं बघायचंय, कोण जाईल तिकडं धरणावर मरायला! देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून गळ्यात उपरणं घालून मिरवायला मात्र वेळ आहे.
मूळ गाव धरणात गेलं तेव्हा आबा मिसरूड फुटायच्या वयाचे. निघायच्या आदल्या दिवशी आज्ज्यानं देवाच्या धोंड्याला दोन कळ्या लावल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. विचारलं, येतोस का आमच्याबरोबर? उजवी पडली असती तर हो. पडली डावी. माणसं ट्रकात बसून कवठे महांकाळच्या माळावर आली, देव तिथंच राहिला. आबांचं वाक्य जन्मभर ऐकत आले, "आमी उठलो, देव उठला न्हाई."
उन्हाळ्यात पाणी उतरलं की धोंडा उघडा पडतो. पूर्वी दरसाल सगळी भावकी जायची. बाप्येच. आम्ही पोरी परतून येणाऱ्या नारळाची वाट बघत दारात. आता बाप्येही जात नाहीत.
दुपारी आबांना फोन केला. "कोन नेत न्हाई गं मला," म्हणाले. आवाज असा की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी नेते म्हटलं. बघू कोण अडवतं.

५ मे
नेते म्हटलं खरं, पण जायचं कसं? ह्यांनी चौकशी केली. तो किनारा आता अभयारण्याला लागून. असंच उठून होडी घालता येत नाही. समोरच्या काठावर एक कॅम्प आहे, त्यांचे पाहुणे दिवसाउजेडी परवानगीनं पलीकडं जाऊन येतात. म्हणजे पर्यटक व्हायचं.
मोबाईलवर त्या कॅम्पची जाहिरात बघितली. तंबू, ट्रेक, कयाकिंग, शेकोटी. खाली फोटो. आबा सांगतात तीच घसरण, तोच वडाचा वाळका बुंधा... आबांना कालच इकडं पलूसला आणलंय, त्यांना दाखवला तर मोबाईल डोळ्याला लावून बसले. फोटोवर लिहिलंय, "माणसाचा हात न लागलेला निसर्ग."
हात न लागलेला! अरे मेल्यांनो, माणसं उठवली म्हणून. तिथं आमचं भात होतं, नाचणी होती, आज्जीचं न्हाणीघर होतं.
बुकिंगवाली पोरगी फोनवर गोड बोलत होती. "मॅम, काही खास सेलिब्रेशन?" मी म्हटलं, हो, देवाला एक प्रश्न विचारायचाय. तिनं घाईघाईनं पैसे कुठं भरायचे ते सांगून टाकलं.

९ मे
मेढ्याला चहा घेतला. तिथून पुढं आबा गाडीत सरळ होऊन बसले ते उतरेपर्यंत. ओढा आला की नाव, वळण आलं की नाव. त्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.
हात मात्र लय वाईट झालेत. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरली तरी निम्मा चहा धोतरावर. या हातांनी कळ्या कशा लावणार? पलूसहून निघताना परसातल्या पांढऱ्या कण्हेरीच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधून घेतल्यात, मूठभर जास्तीच्या.
कॅम्पचा मालक केसांची बुचडी बांधलेला, चाळिशीचा. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. आमचे हे वीस वर्षं फौजेत घालवून आलेले. "कुठली रेजिमेंट?" ह्यांनी विचारलं. तो हसला, "नाही हो सर, प्रेमानं म्हणतात." झालं. ह्यांचं तोंड जे वाकडं झालं ते जेवणापर्यंत.
संध्याकाळी शेकोटी. पुण्याची दहा-बारा पोरंपोरी, आम्ही तिघं. कॅप्टन गोष्ट सांगायला लागला, समोर पाण्याखाली एक गाव आहे, म्हणे एका साधूच्या शापानं बुडालं, अमावस्येला घंटा ऐकू येते. पोरी ऊं ऊं करतायत.
आबा ताडकन उठले. "शाप कसला रं? धरनानं बुडालं. माझ्या बानं चूल इझवली तवा मी हुतो तिथं."
मग एकानं विचारलं, "बाबा, तुमच्यासोबत सेल्फी?"
मी आबांना हाताला धरून तंबूत नेलं. नाहीतर त्या पोराचं काही खरं नव्हतं. तंबूत खाली वाकून शिरायचं, आबा म्हणाले, "गुरं बी ताठ मानंनं शिरत्यात गं गोठ्यात."

१० मे
आज जे झालं ते सगळं लिहिणार. राग जाईपर्यंत लिहिणार.
पाणी फार उतरलंय, काठाला नुसता गाळ, मोटरबोट लागत नाही. म्हणून ह्या लांबट होड्या, वल्ह्याच्या. आबांच्या धोतरावर नारिंगी जाकीट बांधलं. एका होडीत कॅप्टन आणि आबा, दुसरीत मी आणि हे.
कॅप्टन वल्हं कसं धरायचं ते शिकवायला लागला तर हे म्हणतात, "आमाला नका शिकवू. महापुरात आख्खी गल्ली काईलीतनं काढलीया मी." काईल म्हणजे गुऱ्हाळातली गूळ कढवायची कढई, पूर आला की आमच्याकडं तीच होडी. ह्यांनी माणसं काढली हे खरंच आहे. पण काईल गोल. तिच्यात मधोमध उभं राहून फळी मारायची. हा शहाणा माणूस ह्या वीतभर रुंदीच्या होडीत काठापासून जरा आत गेल्यावर उभा राहिला!
उलटी. दोघं पाण्यात. कळ्यांचं फडकं मी दातात धरलं म्हणून वाचलं. कंबरेएवढंच पाणी, पण गाळ असा की चप्पल गेली ती गेलीच. पलीकडून आबा ओरडतात, "पाव्हणं, गूळ न्हाई हो कढवायचा!" आणि हसतात. किती दिवसांनी हसले. म्हणून ह्यांना तिथल्या तिथं सोडलं, नाहीतर फाडून खाल्लं असतं.
पलीकडं उतरलो. चढ. मी अनवाणी, हे ओलेचिंब, कॅप्टन धापा टाकत, आणि आबा सगळ्यांच्या पुढं. वाट नाहीच, तरी पाय त्यांना नेत होते. एका जागी थांबले, "हितं उंबरा." पाय उचलून टाकला. तिथं काही नव्हतं. मी पण उचलून टाकला.
धोंडा आहे. शेंदूर धुऊन गेलाय, पण आहे. आबांनी पाणी घातलं, पुसला, नाव घेतलं आणि घळाघळा रडले. मी पण रडले. इथपर्यंत सगळं बरं होतं.
मग कळ्या. आबांनी पहिली घेतली, हात थरथरला, कळी मातीत. दुसरी, तशीच. तिसरी धोंड्याला लागली आणि त्यांचंच बोट लागून निघाली. मी म्हटलं, "आबा, द्या इकडं, मी लावते. तुमी इचारा."
तर मान हलवली. "लेकीच्या हातानं कौल लागत न्हाई."
मला वाटलं चुकून बोलले. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. वर म्हणतात, "त्या बुचडीवाल्याला बोलव."
कॅप्टनला! शापाची गोष्ट सांगणाऱ्याला! का, तर तो बाप्या आहे. मी नेलं, मी आणलं, चपला घालवल्या, दातात फडकं धरलं, आणि देवाला चालणार कोण तर ज्याला देवाचं नावसुद्धा माहीत नाही तो. पोटचा पोरगा मंडप घालत बसलाय तो चालतो. मी नाही. अंगाची लाही लाही झाली. कॅप्टन पुढं आला, वर खिशातून मोबाईल काढायला लागला. मी म्हटलं, "खबरदार! एक पाऊल पुढं टाकलंस तर त्याच पाण्यात बुडवीन." गपकन मागं सरला बिचारा. त्याचा काय दोष, पण त्या घडीला तोच हाताला लागला.
आबा ह्यांच्याकडं वळले. "पाव्हणं, मग तुमी तरी."
हे ओल्या कपड्यात कुडकुडत उभे. म्हणाले, "मामा, मी जावई. तुमच्या देवाचा मी कोन? रगात तुमचं हिच्यात हाय. ही लावत नसंल तर मी बी लावत न्हाई. चला मागारी."
लग्नाला इतकी वर्षं झाली. आज काईलीचं सगळं माफ.
आबा बसून राहिले. धोंड्याकडं बघत, माझ्याकडं नाही. लय वेळानं म्हणाले, "लाव."
लाव म्हणाले म्हणून विरघळले नाही मी. रागातच लावल्या. हात धुतले, धोंडा ओला केला, एक उजवीकडं, एक डावीकडं. आबांनी गाऱ्हाणं घातलं, "बाबा, तुझी लेकरं तिकडं नवं देऊळ बांधत्यात. येनार असशील तर उजवी दे, हितंच ऱ्हानार असशील तर डावी दे."
आणि आम्ही बसलो.
आबांच्या बोलण्यात, कौल झटकन येतो. त्यांच्या बापाला तर गाऱ्हाणं संपायच्या आत. आम्ही बसलो, ऊन कललं, वारा सुटला, पाण्यावर लाटा उठायला लागल्या. कळ्या जागच्या हलल्या नाहीत. कॅप्टन म्हणाला, "मॅडम, आता निघायलाच हवं, वाऱ्यात होडी जमणार नाही." हे मात्र खरंच होतं.
आबा उठले. पाया पडले. दोन्ही कळ्या तशाच.
रात्री जेवायला बसले तेही माझ्याकडं पाठ करून. मला सारखं वाटतंय, त्यांच्या मनात हेच चाललंय, बाईचा हात लागला म्हणून देव बोलला नाही. म्हणोत. तोंडावर म्हणाले ना, तर सांगते.

११ मे
आबांना कवठ्याला सोडलं. दारात निम्मं गाव. दादा पुढं, "आबा, काय झालं? उजवी का डावी?"
आबांनी पायताण काढलं, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "मला काय इचारता? सुमीला इचारा. तिनं लावल्यात कळ्या." आणि आत जाऊन झोपले.
सगळ्यांच्या माना माझ्याकडं. वैनीनं तर तोंडाला पदरच लावला. म्हातारा मला तोंडघशी पाडून मोकळा झाला असं वाटलं, असा संताप आला! "दमलेय, नंतर सांगते," म्हटलं आणि ह्यांना गाडी काढायला लावली.

१३ मे
फोनवर फोन. काल दादा दोनदा, कमिटीतले दोघं, चुलते. चुलत्यांनी आधी झापलं, बायकांनी कवा कळ्या लावल्या हुत्या काय, धर्म बुडवला म्हणाले, आणि त्याच दमात विचारतात, "बरं, पर पडली कुठली?" ह्याला म्हणायचं तरी काय!
उजवी म्हटलं तर दादाचा मंडप उभा, मूर्ती बसली, आणि त्या धोंड्याकडं पुन्हा कुणी फिरकणार नाही. डावी म्हटलं तर गावात दोन तट, दादाचं तोंड काळं, आबांना आयुष्यभर टोमणे. खरं सांगितलं तर म्हणतील, बघा, लेकीचा हात लागला आन् देव रुसला.
ब्लाउजची बाही उलटी लावली आज. दोनदा.

१४ मे
सकाळी आबांनाच फोन लावला. भांडायचंच होतं. म्हटलं, "आबा, मला पुढं करून तुमी आत जाऊन झोपला. आता मी काय सांगू? कुठलीच पडली न्हाई."
"मला ठावं हाय की."
"मग तुमी का सांगितलं न्हाई?"
मग म्हणाले, "सुमे, माझ्या हातनं तीन पडल्या. बाच्या हातची पडली, त्याच्या बाच्या हातची पडली. तुझ्या हातची देवानं धरून ठिवली. त्याचा अर्थ मला न्हाई लागत. तूच लाव."
मला रडू फुटलं आणि त्याच्या दुप्पट राग. हे तिथं म्हणता येत नव्हतं? कॅप्टनला बोलवण्याआधी? फोन ठेवून दिला.

दुपारी
दादा आलाय. दोन वर्षांत माझ्या दारात पाऊल नव्हतं, आज केळी घेऊन आलाय. बाहेर ह्यांच्यासमोर बसून पाय हलवतोय. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत, वही कट्ट्यावर.
मूर्ती येऊन पडलीय म्हणतो. भटजी ठरलाय. "तू नुसतं उजवी म्हन. कोन बघाय गेलंय?" तोंडावर म्हणाला मला. कळ्या लावायला माझा हात बाटका, आणि खोटं बोलायला माझी जीभ सोवळी!
पाऊस लागला की पाणी चढेल. कळ्या अजून असतील का तिथं? असतील.
चहा उकळून उकळून काळा झाला. तसाच देणार आहे. बाहेरून हाक येतेय, "सुमे, काय ते सांग की बाई लवकर, मला जायचंय." देवाच्या कामात आजवर माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नव्हतं. बसू दे जरा.