पायाची सोनोग्राफी

मंगळवार, दिवेलागण

आज नातीनं, पूजानं, भोकरदनला नेलं. माझी पोटरी सुजल्ती. नसंत रगताची गाठ निघाली तर दवाखान्यात भरती व्हा, म्हणे. अन् पूजाला सातवा चालू. मंग तिचं बाळंतपण कोण करील?

खोलीत अंधार केला. डॉक्टरीणबाईनं पायावर गार चिकट लावलं. सुई न्हाई, दुखणं न्हाई. पण मशिनीतून आवाज आला, सूंऽ सूंऽ, कोरड्या हिरीत वारं घुमावं तसा.

"तुमचंच रक्त आहे, आजी."

मी निजते तवाबी हे आत असंच चालत असंल? मला न इचारता?

बाईनं पायावरचं यंत्र जोरात दाबलं अन् आवाज एकदम बंद. मला वाटलं, मी गेलेच.

"पूजे, तोंडात पाणी घाल गं माझ्या!"

बाई हसल्या. "आजी, मी नस दाबली म्हणून थांबला. नस दबली म्हणजे गाठ नाही."

पूजी घरापस्तोर हसली. हसू दे. लई बरं वाटून राह्यलं. पण घर शांत झालं की तो आवाज कानात येतो, सूंऽ सूंऽ. येऊ दे बापा, चालू रहा. उद्या बाळंतिणीच्या लाडवाला डिंक निवडायला घेते.