चुकीच्या जागी वाजलेली टाळी

करंजाडे, पनवेल

तीर्थस्वरूप दाजींस मधुकरचा नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल आणि आक्काचा राग नेहमीसारखाच असेल, असं धरून चालतो. (फोन आक्काच उचलते, म्हणून पत्र.)

तुम्ही सांगितल्याप्रमाणे माझ्या उन्नतीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा बघून आलो. अंकुर नाव, दिवाळे गावचा कोळी, गिटार वाजवतो. बेलापूरला एका हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता. फ्री जॅझ आणि ब्लूज. (फ्री म्हणजे फुकट नव्हे, तिकीट होतं.) ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी आणि फ्री जॅझ म्हणजे पुढे काय वाजवायचं ते आधी कुणी ठरवत नाही, असं उन्नतीने समजावलं. हा दोन्ही एकत्र करतो. असं वाजवणारा दुसरा कुणी नाही, म्हणाली. पहिला अर्धा तास ऐकून मला त्याचं नवल वाटलं नाही. मला वाटत होतं, तारा जुळवतोय.

शेजारी त्याची आई शांतीबाई (मासळी विकते) डोळे मिटून बसलेली. मध्येच सगळं शांत झालं. संपलं एकदाचं, म्हणून मी जोरात टाळी वाजवली. "संपला नाय अजून," शांतीबाई म्हणाली, "दम खातय त्यो." अख्खा हॉल माझ्याकडे वळला. अंकुरनेही बघितलं आणि माझ्या टाळीसारखाच एक ठोका गिटारवर मारला. आता गप्प बसणं वाईट दिसेल म्हणून मी परत वाजवली. त्याने परत उत्तर दिलं. असं बराच वेळ चाललं, दाजी. थांबायचं कसं ते मला कळेना आणि त्याला थांबायचंच नव्हतं.

मग त्याने एकच तार लांब ओढली. शांतीबाई म्हणाली, "याचा बाप होरी घेऊन दर्यात असला का मी धक्क्यावरून जेवाया अशी हाक मारायचे. त्यो गेला, हाक रायली." उन्नतीची आई गेल्यापासून आमच्या घरात कुणी कुणाला तशी हाक मारलेली नाही. माझे हात खाली आले ते तेव्हा.

बाहेर चार अनोळखी माणसांनी माझं अभिनंदन केलं. अंकुर पाया पडून म्हणाला, "काका, तुमी बरोबर जागी वाजवलंत." (मुलगा खोटं बोलू शकतो, हेही लक्षात घेतलं आहे.)

तरी पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. घाईने काही ठरवणार नाही. तुमचा आणि आक्काचा विचार कळवा.

आपला,
मधुकर

ता. क. तुमच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला माझे भजनाचे टाळ आहेत, ते एस.टी.ने पाठवा. रविवारी अंकुरकडे प्रॅक्टिस आहे.

आणखी एक. पुढच्या महिन्यात साखरपुडा ठरवला आहे. आक्काला तुम्हीच सांगा, पण टाळ गाडीत चढल्यावर. आधी सांगितलंत तर ती टाळ देणार नाही.