डब्यातली हळद

चि. वाल्मीक,

सरपंच झालास, आत्याचा आशीर्वाद. तुझा गुलाल उधळला तेव्हा मी खंडोबाच्या पायरीवर बसून रडले. लोकांना वाटलं, आनंदानं. आनंद होताच, पण त्याहून जास्त जीव भांड्यात पडला होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी तुझ्या प्रचाराची पोरं घरटी एक माणूस देवळात घेऊन आली. म्हणाली, "आत्या, भंडारा दे. हातात देऊन शपथ घालतो, मग मतं फुटायची नाय." निफाडच्या कॉलेजात असताना धर्माच्या नावानं मत मागणाऱ्यांना शिव्या घालायचास तो तूच ना रे? मी भांडले असते तर देवाची पूजा माझ्याकडून काढली असती. म्हणून ताट भरून दिलं. पण ती माझ्या स्वयंपाकाच्या डब्यातली हळद होती, देवाला न लावलेली. संध्याकाळी प्रसाद वाटायच्या निमित्तानं घरोघर फिरले आणि एकेकाच्या कानात सांगितलं, "शपथ लागली नाय. मनाला येईल त्याला मत दे."

मग निकालापर्यंत एकच घोर. हरला असतास, तर तुला मीच पाडलं असं झालं असतं.

पण निवडून आलास, पोरा! देवाच्या भीतीनं नाही, लोकांच्या मनानं. हे तुला ओरडून सांगावंसं वाटतं. उद्या देवाला चांदीचा मुखवटा वाहायला येतोयस म्हणे. ये. मी गप्प राहीन, हे पत्रही धाडणार नाही. तुला कळलं, तर पुढच्या निवडणुकीला भंडारा थेट जेजुरीहून आणशील.

तुझीच,
गयाआत्या