शेजारच्या फळीवरचा खंड

ट्रिएस्टे, १८ नोव्हेंबर

प्रिय फुल्विया,

तुम्ही सगळे बरे असाल. छोटीचा खोकला गेला का? इथं चार दिवस बोरा वारा सुटलाय, वाचनालयाचं दार उघडायला दोन माणसं लागतात. मी ठीक आहे. म्हणजे जेवते, झोपते, वेळेवर कामाला जाते.

तू फोनवर म्हणालीस, "तीस वर्षं त्या कायद्याच्या पुस्तकांत बसलीस, माझ्यासाठी एक तरी कामाचं पान शोध!" शोधलं. दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत हेच केलं. नव्या विद्यार्थ्यांना शिकवते त्याच क्रमाने. आधी विधिकोशातला लेख, मग तळाच्या बारीक टिपा, मग खंडाच्या शेवटची पुरवणी, आणि मगच कायदा नि निकाल. लेख वाचून थांबू नका, असं मी त्यांना रोज बजावते. आमचा शिपाई तुल्लियो म्हणाला, "बाई, या वयात वकिलीच्या परीक्षेला बसताय की काय?" मी हसले नाही, तेव्हा तो कॉफी ठेवून गेला.

सापडलं ते असं. बाकीच्या इटलीत नोटरीसमोर सही झाली की घर घेणाऱ्याचं होतं, पुढचं त्याचा कारकून बघतो. आपल्याकडे ऑस्ट्रियाच्या राजवटीतला भूमिग्रंथ, म्हणजे घराजमिनीच्या मालकीची सरकारी नोंदवही, अजून चालतो. न्यायाधीशाच्या हुकमाने त्यात नाव चढलं तरच घर आपलं. पप्पांनी त्यांच्या दोस्ताकडून, द्रागोकाकांकडून, तुझ्यासाठी घेतलेलं ते डोंगरावरचं घर तुझ्या नावावर कधी चढलंच नाही. काका गेल्यावर त्यांच्या पुतण्याने तेच घर उदिनेच्या दंतवैद्याला विकलं, आणि त्याने आठवड्याच्या आत नाव चढवून घेतलं. त्या भल्या माणसाला आधीच्या व्यवहाराचा पत्ताही नव्हता. पुतण्याकडून भरपाई मागता येईल. घर मिळणार नाही. मी एकूण एक पुरवणी पाहिली.

तिथल्या अंजिराच्या झाडाची आठवण येते, असं इथं लिहायला हवं. पण खरं सांगू? काहीच वाटत नाही. दाताला भूल दिल्यावर आपलाच गाल परका लागतो, तसं झालंय.

तू आणखी एक म्हणालीस. "पप्पांनी मला हवा विकत घेऊन दिली. तुला जन्मभर जवळ ठेवलं, नि मला एक कागद दाखवून गप्प केलं." त्यांच्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेलाही येणार नाही म्हणालीस. म्हणून हे पत्र.

पप्पा जन्माने जेनोवाचे. कागद त्यांनी तिथल्याच बालमित्राकडून, त्या म्हाताऱ्या नोटरीकडून करून घेतला. त्याला इथला भूमिग्रंथ काय ठाऊक! तरी मनात शंका होती. सही झाल्यावर आठवड्याने ते वाचनालयात आले. रविवारचा कोट घालून, इतर वाचकांसारखे माझ्या टेबलासमोर रांगेत उभे राहिले.

"निवेस, द्रागो म्हणतो इथं काहीतरी वेगळं असतं. बघ की जरा."

आमच्याकडे नियम आहे, पुस्तक दाखवायचं, अर्थ सांगायचा नाही. मी नियम पाळला. खरेदी-विक्रीचा सर्वसाधारण खंड काढून दिला. ते ओळीवर बोट ठेवून तासभर वाचत बसले. भूमिग्रंथाचा खंड शेजारच्याच फळीवर होता. ट्रिएस्टेतल्या वकिलाला तो उघडावासुद्धा लागत नाही, आणि मला तर तोंडपाठ होता.

"सही पुरे, असं लिहिलंय," पप्पा म्हणाले. "एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त बघ!"

त्यांचं पथ्यपाणी, औषधं, रात्रीची जागरणं माझ्याकडे, आणि घर तुला. माझा जळफळाट झाला होता. आठवडाभर अद्दल घडू दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. आठवड्याचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. मग ते गेलेच. मी खोटं बोलले नाही, नियमाने वागले, असं मनाला पुष्कळ समजावलं. पण "एवढंच" हे खोटंच होतं गं.

प्रत्येक खंडासाठी वाचकाला चिठ्ठी भरावी लागते. जुन्या चिठ्ठ्या तळघरातल्या खोक्यांत असतात. काल पप्पांची सापडली. एकच खंड, त्यांची थरथरती सही, खाली माझी आद्याक्षरं. सोबत पाठवते. ती बाहेर द्यायची नसते, पण नियम पाळून व्हायचं ते होऊन गेलंय. वकिलाला तिचा काही उपयोग नाही. तुला आहे.

पप्पांनी तुला फसवलं नाही, फुल्वी. ते विचारायला आले होते. प्रार्थना दोन डिसेंबरला, सकाळी दहाला. तू ये. मी मागच्या बाकावर बसेन, आणि तुला मी नको असेन तर घरीच थांबेन. त्यांच्यावरचा राग तेवढा उतरव. माझ्या वाट्याचा मला दे.

त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आता तुलाच देते. नाही पप्पा, एवढंच नव्हतं.

निवेस