तीन वाटांनी मागणी

६ जानेवारी १९८६, बंगळूर
आजपासून रोज लिहिणार. कॉलेजच्या वायरलेस लॅबमधे अटेंडर होऊन आठ महिने झाले. सातवी नापास, तरी साहेबांचा पीएचडीचा रिसर्च सगळा कळायलाय. मी गच्चीवर अँटेना धरतो, साहेब खाली शून्य-एक झेलतात. वाटेत बिघाड झाला की शून्याचा एक होतो. म्हणून प्रत्येक आकडा तीनदा पाठवायचा, त्याला साहेब कोडिंग म्हणतात. तीनातले दोन सांगतील ते खरं. एवढ्यासाठी पीएचडी कामून लागते?

१४ जानेवारी
मधे लिहायचं राहिलं. अँटेना जड हाय.
मादन हिप्परग्याच्या भगवानरावांची शिवगंगा मनात बसलीय. मागणी घालायची. पण रस्ता लांब, निरोप बिघडला तर? तीनदा पाठवतो. साहेब म्हणतात, तिन्ही एकाच वाटेनं गेले तर सोबतच बुडतात. म्हणून एक गावाकडं मायकडून, एक आळंदच्या गाडीवरचे कंडक्टर गुंडप्पा अण्णांकडून, एक पुढच्या महिन्यात गाणगापूरला निघालेल्या शेजारच्या ईरम्मा अक्कांकडून. अक्का म्हणाल्या, आधी तुझी माय जाऊ दे की रे, एवढी काय घाई? त्यांना कोडिंग काय कळणार.

३१ जानेवारी, संध्याकाळ
मायचं पत्र, मास्तरांकडून लिहून घेतलेलं. भगवानराव व्हय म्हणाले! गुरुवारी, सहा तारखेला, पोरगी बघायला ये.
नाचलो. मग खाली बसलो. उत्तर एकच. एकावर भरवसा ठेवायचा तर आठ महिने काय शिकलो? अजून दोन येऊ देत.

४ फेब्रुवारी
साहेबांनी आपणहून रजा दिली. नको म्हटलं. दोन उत्तरं बाकी हायत.

६ फेब्रुवारी
गुरुवार. उत्तरं न्हाईत. भगवानराव समजून घेतील.

११ फेब्रुवारी
गुंडप्पा अण्णा स्टँडवर भेटले. भडकलेले. म्हणाले, येड्या, सुट्टी मिळाली तसा गेल्या मंगळवारी मी गेलो, बुधवारी ईरम्मा गेली. भगवानराव विचारायलेत, मी व्हय म्हणून बसलो तरी माणसामागं माणूस कामून यायलाय, पोरात काय खोट हाय? अरे, मागणी एकदा घालतात. दुसऱ्यांदा घातली की लोक पोराचे दात मोजायला लागतात. आणि गुरुवारी तूच गायब! न्हाई म्हणून सांगितलंय त्यांनी.
एक व्हय, एक न्हाई. आता अक्कांवर. आशा हाय.

१३ फेब्रुवारी
अक्का आल्या. प्रसादाचा नारळ हातात दिला आणि निघाल्या. मीच विचारलं. न्हाईच.
साहेबांना सगळं सांगितलं. हसले न्हाईत. म्हणाले, नागनाथ, पहिलं उत्तर तुझ्या आईचं होतं, त्यात बिघाड कुठून येणार?
उद्या स्वतः जाऊन भगवानरावांना समजावणार. आकृती काढून.

२४ फेब्रुवारी
गेलो न्हाई. मायचं पत्र आलं. शिवगंगेचं बीदरला ठरलं. त्या गुरुवारी ती सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती म्हणे. दिवे लागले तरी उठली न्हाई.
त्या दिवशी मी गच्चीवर होतो. आभाळ मोकळं होतं. दिवसभरात एकही चूक आली न्हाई म्हणून साहेबांनी लॅबमधे पेढे वाटले. मी दोन खाल्ले.