दुसरी पट्टी

मंगळवार, ९ जुलै

चिरंजीव यंत्रविशारदास, आत्याचे आशीर्वाद आणि थोडी कुरकुर.

इकडे आम्ही सगळे ठीक. 'सगळे' म्हणजे मी आणि तुझे तीर्थरूप. खरं तर इथे द्विवचन हवं, पण मराठीत ती सोय नाही, आणि संस्कृतात आहे यावर माझ्या वर्गातली मुलं अजून विश्वास ठेवत नाहीत.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि विषय पलीकडच्या खोलीत बसलेला आहे, म्हणून.

तू रागारागानं गेलास तेव्हा पलंगाखाली कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची खोकी ठेवून गेलास. जाताना एक वाक्यही ठेवून गेलास. दादा म्हणाला होता, "खोक्यात खोकी बसवायची, त्याला कसली आली आहे कारागिरी!" आणि त्यावर तू म्हणालास, "मग एक जोडून दाखवा." खोक्यांवर धूळ बसली, वाक्यावर बसली नाही. गेल्या आठवड्यात दादानं ती सगळी बाहेर काढली.

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. दुकानातला दिवा आला, डोळ्याला लावायचं भिंग आलं, घड्याळांचे सुटे भाग ठेवायच्या बश्या आल्या. लहानमोठ्या स्क्रूंची प्रतवारी झाली. जन्मभर मोहरीएवढे स्क्रू फिरवणारा माणूस ते हातात घेऊन लहान मुलासारखा हरखला होता. "केवढाले स्क्रू आहेत गं! हे तर डोळे मिटून होईल." मी मात्र तेव्हापासून स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते आहे.

जोडणी झाली. बटण दाबलं. पंखे फिरले, आत दिवे लागले, मंद घरघर सुरू झाली. पडदा मात्र काळा ठिक्कर. 'सिग्नल नाही' एवढं म्हणाला आणि झोपला. आमच्या तर्कशास्त्रात धूर दिसला की अग्नी आहे असं मानायची मुभा असते. इथे वारा आहे, उजेड आहे, आवाज आहे, आणि ज्यासाठी हा खटाटोप तेच नाही. इतकी तयारी करून काहीच न बोलणारं आपल्या घरात हे पहिलंच नव्हे, पण यंत्र म्हणून पहिलं.

मी माझ्या बुद्धीनं केलेले उपाय असे. तोच पडदा शाळेच्या लॅपटॉपला लावून पाहिला, छान चालतो. केबल बदलली. ती चित्र दाखवणाऱ्या मोठ्या कार्डाच्याच भोकात आहे, वरच्या नाही, हेही पाहिलं. (तू एकदा शेजाऱ्यांना यावरून झापलं होतंस, ते लक्षात होतं.)

दादाला म्हटलं, "त्याला विचारू का?"

"कोणाला?"

"शेजारच्या मांजराला. तुझ्या मुलाला रे!"

"तो कामात असेल."

तू कामात असण्याला आता सहा महिने होतील. तेव्हा मी त्याच्या नकळत विचारते आहे. काय बिघडलं असेल?

बाकी विशेष काही नाही. दुकान हल्ली दुपारनंतर बंद असतं, गिऱ्हाईक नाही म्हणतो. डॉक्टरीणबाईंचं मनगटी घड्याळ न उघडताच परत केलं. भाग मिळत नाहीत, म्हणे. चहा अर्धा कपच दे म्हणतो. वय झालं की माणूस मिताहारी होतो, असं ग्रंथांत आहे. निदान असायला हवं.

उत्तर लवकर पाठव. टेबल हवं आहे.

तुझी आत्या


रविवार, २१ जुलै

चिरंजीवास,

मी दोन पानं लिहावीत आणि तू फोनवर तीन ओळींत उरकावंस, ही तुमच्या पिढीची सूत्रशैली. पण सूत्र अचूक निघालं, म्हणून माफ. "मेमरीच्या पट्ट्या नीट बसल्या नसतील. दोन्ही काढ, एकच लाव. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून दाब, टक् असा आवाज आला पाहिजे." शेवटी 'बाबा कसे आहेत' असं लिहून पुसलंयस की मुळात लिहिलंच नव्हतंस, हे फोनवर कळत नाही. कागदावर कळतं. पत्राचे फायदे मी तुला पुन्हा कधी सांगेन.

गेल्या रविवारी सकाळी दादाला सांगितलं, की आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी असा असा उपाय सांगितला. "बाई हुशार दिसतात," असं म्हणून तो चादरीशी बसला. झाकण काढलं. पट्ट्या खाचेत उभ्या होत्या, दिसायला सरळ. मी बोट लावलं तर हलल्या.

"दादा, या दाबल्याच नाहीत तू."

"घड्याळात काही दाबून बसत नाही. जोर लावावा लागला, तर समजायचं चुकीचं बसतंय."

"हे घड्याळ नाही."

"ते दिसतंय मला."

मला हसू आलं. म्हटलं, जन्माची सवय, तिनं घोटाळा केला. तुला कळवायला गंमत मिळाली. पत्र इथेच संपलं असतं तर बरं होतं.

दोन्ही पट्ट्या त्यानं काढल्या. एक पुन्हा खाचेत ठेवली आणि वर दोन्ही अंगठे टेकवले.

"दाब ना."

"दाबतोय."

"दाबतोयस कुठे, कुरवाळतोयस."

पट्टी खाचेच्या कडांवर वाजू लागली, थंडीत दातांवर दात वाजतात तशी. तो म्हणाला, "पंखा बंद कर जरा. वारा लागतोय."

पंखा बंदच होता.

मी उठले, भिंतीपाशी गेले, बटण खाली-वर केलं आणि परत येऊन बसले. तोवर त्यानं हात टेबलाखाली मांडीवर घेतले होते. "तू दाब," म्हणाला.

मी दाबली. एवढा जोर लागतो हे मला ठाऊक नव्हतं; मोडते की काय असं वाटलं. मग टक् झालं. मान वर न करता दादा म्हणाला, "बसली." आवाजावरून ओळखणं त्याचं अजून शाबूत आहे.

बटण दाबलं. पंखे, दिवे, घरघर, सगळं पूर्वीसारखं. आणि मग पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. दोघंही खुर्च्या पुढे ओढून बसलो. मी वाचून दाखवलं. सुरू करण्याजोगं आत काही सापडत नाही, असा मजकूर होता. दादा म्हणाला, "बोललं तरी."

नंतर त्यानं आपणहून सांगितलं, डोळे पडद्यावर ठेवून. डॉक्टरीणबाईंचं घड्याळ परत द्यायला गेला होता, तेव्हा बाईंनी घड्याळ बाजूला ठेवून हातच पाहिला. पुढे मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. मला वाटत होतं तो भाग आणायला बाजारात जातो. हा कंप राहणार, हळूहळू वाढणार, गोळ्यांनी आवरता येईल तेवढा आवरायचा. बारीक काम बंद. 'केवढाले स्क्रू' म्हणून इतका का हरखला होता, ते मला तेव्हा कळलं. चहा अर्धा कप का, तेही. शास्त्र जाणणाऱ्या तुझ्या आत्यानं धूर सगळा पाहिला होता, फक्त अनुमान करायचं राहिलं.

"त्याला सांगू?" मी विचारलं. कोणाला, असं त्यानं या वेळी विचारलं नाही.

"यंत्र चालू झालं म्हणून लिही."

"आणि?"

"आणि काही नाही. हातासाठी कोणी यायला नको. कीव करायला आलेला माणूस मला चालायचा नाही."

म्हणजे मी आज त्याचा शब्द मोडते आहे. फार विचार करून मोडते आहे, असं समज. हे नंतर कळलं असतं, तर तू आम्हा दोघांनाही क्षमा केली नसतीस, आणि तेव्हा ती मागायला आम्ही कितपत ठणठणीत असतो, हा वेगळाच प्रश्न.

त्यावर वाद न घालता मी दुसरी पट्टी उचलली. म्हटलं, हीपण बसवून टाकते, आता जमतंय मला.

"ती राहू दे," दादा म्हणाला. "एकीवर चालतंय ना? तो आला की बसवेल."

आला तर, असं म्हणाला नाही. आला की, असं म्हणाला. मी नीट ऐकलं आहे, या कामात तरी माझ्यावर विश्वास ठेव.

तेव्हा ये. यंत्राला आत जे काही लागतं ते घेऊन ये, आम्हाला ते येत नाही. हाताकडे पाहू नकोस, आणि मी लिहिलं असंही दाखवू नकोस. झाकण उघड आणि दुसरी पट्टी कुठे आहे, एवढंच त्याला विचार.

दुकानात उघड्या घड्याळावर झाकायचा काचेचा टोप असतो ना, तो त्यानं घरी आणला आहे. त्याखाली ठेवली आहे. रोज सकाळी टोप पुसतो, मी पाहत नसताना, दोन्ही हातांनी.

टेबलाची आता घाई नाही.

उभ्यानं जेवणारी,
तुझी आत्या